पुढचा खांदा

२७ जानेवारी, सोमवार

गावाला पदक मिळणार! माणसाला नव्हे — अख्ख्या गावाला. सकाळपासून हे अंगणात येरझाऱ्या घालतायत, आणि मी विचार करतेय, गावाला छाती कुठे असते?

झालं असं. काल शाळेत झेंडावंदनाला महाडचे कॅप्टन सयाजीराव आले होते. माजी सैनिकांच्या मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, "सावरटेंभच्या घरटी एक तरी माणूस लढाईला गेलेला आहे. आमचं मंडळ यंदापासून एका गावाला शौर्यपदक देणार. पहिलं तुम्हाला द्यावं असं मनात आहे." टाळ्या! मग म्हणाले, परदेशात असं करतात. माल्टा म्हणून बेट आहे, तिथल्या लोकांनी बाँब सोसले म्हणून इंग्रजांच्या राजाने बेटालाच पदक दिलं. रशियात, फ्रान्सात शहरांना देतात म्हणे.

अंकिता, माझी नात, महाडला कॉलेजात आहे. तिने मोबाईलमध्ये बघून सांगितलं — त्या बेटाने पदक आपल्या झेंड्यावरच काढून घेतलंय. छातीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. हुशार!

आमच्याकडे प्रश्नच नाही. एकाहत्तरात लढलेला असा गावात आता हेच एकटे उरलेत. "पदक कोन घेनार? हवालदार महिपत. फालतू बात नाय पायजे." पेटीतला कोट काढायला लावला. डांबरगोळ्यांचा वास म्हणजे काय! उन्हात टाकलाय.

२९ जानेवारी

कोट पोटावर बसत नाही. "धुन्यात आटला," म्हणे. धुतला कुणी?

२ फेब्रुवारी, रविवार

देवळात सभा. कॅप्टन पुन्हा आले. गावाच्या मुंबई मंडळातर्फे आमचा मुलगा सुनील फोनवर — स्पीकर लावून मधे ठेवला होता. मुंबईकरांचं म्हणणं, कार्यक्रम दादरला हॉल घेऊन करू. म्हणजे पदक गावाला आणि गाव दादरला! मी पदराआड हसले.

ह्यांनी राजस्थानच्या वाळूतली लढाई सुरू केली. रणगाडे येईपर्यंत कॅप्टननी ऐकलं, मग हळूच म्हणाले, "हवालदारसाहेब, तुमच्या छातीवरची पदकं तुमची आहेत. हे सैनिकांसाठी नाही. तुम्ही सगळे सरहद्दीवर असताना मागे गावाने काय केलं, ते मला सांगा. तेवढ्यावर पदक द्यायचं की नाही ते ठरेल."

कोणी म्हणालं, भात लावलं. कॅप्टन म्हणाले, भात सगळीच गावं लावतात. कोणी म्हणालं, नवस बोललो. ते पण सगळे बोलतात.

शेवटी हे म्हणाले, "गाव काय करनार? गावानं काय बी नाय केलं. आमी व्हतो कुठं इथं? बायकांना इचारा. पन त्या काय सांगनार!" असं म्हणून माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. माझ्या शेजारी साळूबाई होती, तिने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

महाशिवरात्रीपर्यंत सांगा, नाहीतर दुसऱ्या गावाचा विचार करावा लागेल, म्हणाले कॅप्टन.

गावाने काय केलं ते मला माहीत आहे. साळूबाईला माहीत आहे. बाकीच्या गेल्या. आणि सांगायचं नाही अशी आम्हाला देवीची शपथ आहे.

४ फेब्रुवारी

शपथ बोलायची नाही अशी होती. लिहायची नाही असं कोणी म्हटलं नव्हतं! त्या बायकांत लिहिता येणारी मी एकटी, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. तेव्हा लिहिते.

बाहत्तरचा शिमगा. लढाई डिसेंबरातच संपली होती, पण पलटणी तिकडेच. नवऱ्याचं तोंड मी लग्नानंतर जेमतेम महिनाभर बघितलेलं. माझं वय सतरा. रंगूबाईचा नवरा तेवढा परत यायचा नव्हता, तिच्याकडे तार आली होती. गावात पुरुष म्हणजे पाच-सहा म्हातारे आणि नागडी पोरं.

शिमग्याला झोलाईची पालखी घरोघर जाते. देवीला रूपं, म्हणजे चांदीचे मुखवटे लागले, शालू-दागिने चढले की उचलायला चार तगडे गडी लागतात, वर आमची डोंगरातली वाट. म्हातारे म्हणाले, "यंदा देवी देवळातच ओटी घेईल. पुरुषाचा खांदा नाय तर पालखी नाय." बाईने दांडीला हात लावायचा नाही, हा रिवाज. अजूनही आहे.

तेव्हा साळूबाई उठली. तिचे मालक काशीराम पण लढाईवर. म्हणाली, "देवी देवळात बसली तर सरहद्दीवर कोन बगनार त्यांच्याकडं?" पदर खोचला. तिच्यामागे घरटी एकेक बाई. गुरवबाबा, म्हणजे आत्ताच्या मुरारी गुरवाचे वडील, भिंतीकडे तोंड करून बसले. "मी काय बगितलं नाय," म्हणाले.

पुढच्या खांद्याचा मान आमच्या घराचा. सासरे दम्याने आडवे. सासूबाईंनी मला पुढे ढकललं — "माज्या महिपतची जागा मोकळी ऱ्हाता कामा नाय." माझी उंची ती केवढी! दांडी सगळी माझ्याकडे कलायची. मग सासूबाईंनी लुगड्याची घडी करून माझ्या खांद्यावर ठेवली. खालूबाजा वाजवायला कोणी नव्हतं, एका म्हाताऱ्याने रडत-रडत ढोल बडवला.

ज्या घरात माणूस गेलं त्या घरापुढे त्या साली पालखी थांबत नाही. साळूबाई रंगूबाईच्या दारात थांबली. थांबली म्हणजे थांबलीच! रंगूबाई बाहेर आली. ओटी नाही, हळदकुंकू नाही. नुसती बघत राहिली. मग मागच्या दांडीला येऊन तिने खांदा दिला, आणि पुढची सगळी घरं आमच्याबरोबर फिरली. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पालखी पडली असती.

एक घर सोडलं नाही. परत आल्यावर साळूबाईने नारळावर सगळ्यांचे हात ठेवले. घरधनी परत आले की त्यांना कळता कामा नये. बाईने पालखी बाटवली म्हणतील, आणि आपली जागा बायकोने घेतली म्हणून मनातून खट्टू होतील.

पुरुष आले. त्यांना सांगितलं, म्हाताऱ्यांनी कशीबशी नेली. झालं! मग बासष्ट साली कसं, पासष्टला कसं, एकाहत्तरला कसं, हे आम्ही त्यांच्या तोंडून ऐकत बसलो ते आजपर्यंत.

लिहून बरं वाटलं. खांदा पण दुखल्यासारखा वाटतोय, वेडाच आहे.

७ फेब्रुवारी

साळूबाई काठी टेकत आली. चहात खारी बुडवून खाल्ली आणि एकदम म्हणाली, "तुळसे, सांगून टाक."

"आणि शपथ?"

"शपथ मीच घातली, मला नको शिकवू. पन तो कॅप्टन काय बोलला? गावानं काय केलं! आमी काय नुसत्या रडत बसलो व्हतो काय गो?"

म्हटलं, "वयनी, भावोजींना तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"नाय. शेवटपर्यंत नाय." कपातलं बघत म्हणाली. "सुखानं गेले. तेच बरं झालं. पन आता कोन ऱ्हायलंय दुखवायला?"

माझे राहिलेत ना! पंच्याहत्तर वर्षांचे. गुडघ्याला पट्टा बांधून अजून पुढचा खांदा सोडत नाहीत. "ह्या जागेवर माज्या बापाशिवाय नि माज्याशिवाय कुनी उभं ऱ्हायलं नाय," असं दर शिमग्याला सांगतात, आणि मी मान हलवते. त्यांना कसं सांगू? आणि सांगितलं की त्यांचं पदक पण गेलं. कोट उन्हात घातलाय माणसाने!

नाही सांगितलं तर पदक दुसऱ्या गावाला. आणि साळूबाई गेली की उरले मी एकटी. मग ती गोष्ट माझ्याबरोबर जाणार.

१० फेब्रुवारी

वालाच्या शेंगा काढल्या. पाठ गेली. बिरडं छान झालं, दोन वाट्या जास्त जेवले हे. कोटाचं अवघड आहे.

१४ फेब्रुवारी

देवीची शपथ देवीनेच सोडवायची. साळूबाईला घेऊन देवळात गेले, मुरारीला म्हटलं कौल लाव. काय विचारायचंय ते विचारलंन. "आमच्या मनात आहे ते बोलू का, एवढंच विचार."

कपाळाला आठ्या घालून त्याने देवीला फुलं लावली. गाऱ्हाणं पुरतं संपलं पण नव्हतं, उजवं फूल टपकन खाली! साळूबाई म्हणाली, "बग, तिलाच घाई झालीया!"

मुरारीला राहवेना. "काय इचारलंत गो काकी?"

"तुझं दुसरं लग्न कधी ते."

साठीला आलाय, चार नातवंडं आहेत. पळाला.

येताना दोघी हसत होतो. घराचा उंबरा आला आणि माझं हसू थांबलं.

२० फेब्रुवारी

पोलादपूरला जाऊन बुटाचं पॉलिश आणलंय. आरशासमोर सलाम करून बघतात. मी आत गेले की हात खाली!

जेवताना म्हटलं, आज सांगतेच. "अहो, एक बोलायचं होतं."

ताटातला हात थांबला. "बोल ना."

"आमटीत मीठ बरोबर आहे ना?"

"हाय बरोबर. दुसरं काय?"

"काही नाही."

"बोल गो."

"काही नाही म्हटलं ना!"

जेवण झालं तरी पाटावरून उठेनात. मीच ताट ओढून घेतलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सांगितलं.

देवळात सगळं गाव उपासाचं जमलेलं. कॅप्टननी विचारलं, "मग, काय ठरलं?" आणि साळूबाई उभी राहिली. मला वाटलं मलाच बोलावं लागणार, पण तिनेच सुरुवात केली. "लिवून घ्या सायेब. बाहत्तरच्या शिमग्याला पालखी आमी नेली." रंगूबाईच्या दारापर्यंत आली आणि तिला धाप लागली. "तुळसे, फुडचं तू." मग मी बोलले. पुढच्या खांद्याचं पण बोलले. ह्यांच्याकडे न बघता, खांबाकडे बघून बोलले.

मग मुरारी म्हणाला, "माजा बाप व्हता तिथं?"

"भिंतीकडं तोंड करून," साळूबाई म्हणाली.

मागच्या बाजूला कुणीतरी पुटपुटलं, बाईचा हात लागलेला, मग शुद्ध केली होती का पालखी? त्यावर अंकिता ताडकन म्हणाली, "आणि कौल उजवा कसा दिलान मग देवीने?" हिला कौलाचं कोणी सांगितलं? साळूबाईच, दुसरं कोण!

कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. "हेच," म्हणाले. "हेच मला हवं होतं."

मी तेव्हा ह्यांच्याकडे बघितलं. पायरीवर बसले होते. उठले, चपला घातल्या आणि निघून गेले.

२७ फेब्रुवारी

बोलत नाहीत. रागावले असते, आरडाओरड केली असती तर मी पण दोन शब्द सुनावले असते. तसलं काही नाही. आपलं पाणी आपण घेतात. "तू जेवलीस?" विचारतात. असं विचारणारा माणूस नव्हे हा!

२ मार्च, रविवार

कोटाची घडी घालून त्यांनी स्वतः पेटीत ठेवला. नव्या डांबरगोळ्या टाकल्या.

मी मोरीत जाऊन रडले. बोलले नसते तर? नाही. बोलले ते बरंच केलं. साळूबाई दोन दिवस गावभर ताठ चालतेय, काठी नुसती धरायला. पोरीबाळी तिला थांबवून विचारतायत, आजी, पालखी कशी उचलली? ती दाखवते पण! हे सगळं बघून मन भरतं, आणि घरात आलं की ती पेटी दिसते.

९ मार्च, रविवार

महाडला कार्यक्रम झाला. हॉल भरलेला. मुंबईकर पण आले, दादर विसरून!

कॅप्टननी विचारलं होतं, गावातर्फे कोण घेणार? सगळ्यांच्या तोंडून एकच नाव. साळूबाई हिरवं नऊवारी नेसून स्टेजवर. आता बाईच्या छातीवर पदक लावायचं कसं? कॅप्टनचे हात अडखळायला लागले. साळूबाईने माईकसमोरच सांगितलं, "पदराला लाव रे बाबा. नि टोचलं तरी चालंल, मी काय मरत नाय." हॉल हसला ते थांबेना. खरंच सांगते, इतकं सुख मला सुनीलच्या लग्नात पण झालं नव्हतं.

हसू थांबलं तेव्हा बघते तर हे पहिल्या रांगेत उभे. पांढरा सदरा, कोट नाही. टाचा जुळवलेल्या, सलाम ठोकलेला. हात खाली येईना. साळूबाईने बघितलं. तिला सलाम करता येत नाही, तिने हात जोडले.

मग डेपोजवळ उसाचा रस प्यालो. माझा ग्लास त्यांनी आधी पुढे केला. त्या गोष्टीबद्दल मात्र चकार शब्द नाही. मी पण ठरवलंय, विचारायचं नाही. आज तरी नाही. रस गोड होता.

११ मार्च

पदक देवीच्या रूपांजवळ ठेवायचं ठरलं. मुरारी त्याच्यासाठी लाल फडकं शिवून घेतोय. मुंबई मंडळाला गणपतीत दर्शनाला पाहिजे. भांडा आता वर्षभर!

१३ मार्च, होळी

सकाळी होमाची लाकडं रचून आले आणि ओट्यावर बसून हे बोलले.

"मला ठाव व्हतं."

त्या साली रजेवर आले तेव्हा घरी येण्याआधी देवळात गेले होते. गुरवबाबांनी नारळावर हात ठेवायला लावला आणि सगळं सांगितलं. घरधन्याला ठाऊक पाहिजे, त्याच्या जागेवर कोण उभं होतं. पण बायको आपणहून सांगेल तेव्हाच बोलायचं, तोवर तोंड उघडायचं नाही. एकट्या ह्यांनाच नाही. जो-जो परत आला, त्या प्रत्येकाला. म्हणून दर शिमग्याला ते बाप-लेकाच्या जागेचं मुद्दाम माझ्यासमोर म्हणायचे, आणि मी सांगितलं ते अख्ख्या गावाला, त्यांना नाही.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! सगळे वाट बघत होते — आम्ही कधी सांगतो त्याची. ते एकेक करून गेले, आम्ही एकेक करून गेलो.

"काशीरामदादा शेवटच्या दुखन्यात रोज मला इचारायचा," हे म्हणाले. "म्हनायचा, आज तरी सांगंल काय रे ती?"

मग माझा हात धरला. "साळूवयनीला ह्यातलं बोलू नको, तुळसे. शपथ घे."

मी घेतली नाही. साळूबाई आत्ताच अंगणात आलीय, हाक मारतेय. जाते.